अंगणात किती जण होते

४ मार्च २०१९

प्रिय मार्युन,

सही करू नकोस.

बाकीचं पत्र सावकाश वाच, आधी एवढं वाच. नगरपालिकेने तुला पाठवलेला तो कागद, 'मी स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडत आहे' असं लिहिलेला, त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर तो कपाटावर फेकून दे. आईला सांग, लपवून ठेव म्हणावं.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या त्या फेरो बेटावर जहाजाने टपाल येतं, तेव्हा पत्र तरी दारात पडेल आणि तुला ते पायाने तरी बाजूला सारावं लागेल. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. मी जहाज-कारखान्यात खडूने लोखंडावर लिहायला शिकलो, कागदाची सवय उशिरा लागली. सांभाळून घे.

तुला वाटतंय सगळे तुला दोष देतायत. म्हणून तू गेल्यावर बैठकीत काय झालं ते सांगतो. पालिकेच्या बालविभागाच्या प्रमुख लिसेलोटेबाई आल्या होत्या. आवाज गोड, हातात वही. आमची युट्टे, आपल्या बालवाडीची प्रमुख असूनही, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी टेबलाच्या कडेला बसली होती.

बाईंनी विचारलं, "त्या वेळी अंगणात कोण होतं?"

युट्टे खाली बघत म्हणाली, "मार्युन."

मी म्हणालो, "प्रश्न चुकला."

"म्हणजे?"

"कोण होतं हे नंतर. आधी विचारा, किती जण होते."

त्यांना कळलं नाही. मग मी बालवाडीत येण्याआधीचं, कारखान्यातलं सांगितलं. जहाजाच्या टाकीत जोडकाम करायला माणूस उतरला की दुसरा बाहेर दोर धरून उभा राहायचा. एकट्याने उतरायचं नाही म्हणजे नाही. तरी कधी अपघात झालाच, की मालकाचा माणूस धावत यायचा आणि विचारायचा, आत कोण होतं? आम्ही युनियनवाले विचारायचो, बाहेर कोणी ठेवला होता का? मालकाच्या प्रश्नाने एक माणूस घरी जातो. आमच्या प्रश्नाने दुसरा माणूस कामावर येतो.

मग मी एकेक सांगत गेलो. एकोणीस मुलं. आम्ही तिघं हवे होतो. डॉरिट तापाने घरी, आणि आजारपणाच्या पहिल्या दिवशी बदली माणूस द्यायचा नाही हा पालिकेचा काटकसरीचा नियम. मी आत न्हाणीघरात, लाउस्टचं पोट बिघडलेलं, त्याला धुवत होतो. अंगणात मार्युन एकटी. दोघांची मारामारी झाली, एकाच्या नाकातून रक्त. ती त्याच्याकडे वळली तेवढ्यात चार वर्षांच्या ट्यूराने फाटकाची कडी उघडली आणि निघून गेली.

"आणि ती नाही हे कोणाच्या लक्षात आलं?" मी विचारलं. "मार्युनच्याच. रक्ताळलेलं पोर कडेवर घेऊन ती डोकी मोजत होती. मी दारात आलो तर म्हणाली, 'ट्यूरा नाही. बंदर.' बंदर! बाग नाही, रस्ता नाही. मी सरळ धक्क्यावर पळालो. पोरगी धक्क्याच्या कडेला पाय सोडून पाण्यातले जेलीफिश बघत बसली होती. आधी बागेत शोधलं असतं तर आज आपण इथे बोलत बसलो नसतो."

लिसेलोटेबाईंनी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे. जाताना म्हणाल्या, "भावना समजतात, होल्गर."

भावना! मी साठ वर्षांचा, नव्वद किलोचा माणूस. भावना म्हणे.

सही करू नकोस.

तुझा,
होल्गर


१५ मार्च

मार्युन,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहितो.

सणाला खाऊने भरलेलं लाकडी पिंप काठीने फोडताना मुलांनी तुझी आठवण काढली. गेल्या वर्षी पिंप फुटल्यावर तू सगळ्यांना हात धरून तुमच्या बेटांवरचा तो साखळीचा नाच शिकवला होतास ना? दोन पावलं पुढे, एक मागे. यंदा त्यांनी आपापल्या मनाने सुरू केला. गाणं कोणालाच नीट येईना, मग शेवटी नुसतं "हो हो हो" करत अख्खी साखळी कपड्यांच्या खुंट्यांवर जाऊन आदळली. डॉरिट म्हणाली, "मार्युन असती तर निदान भिंत वाचली असती."

लाउस्ट मात्र परत टेबलाखाली गेलाय. तू तीन महिने त्याच्याबरोबर टेबलाखाली बसलीस तेव्हा कुठे तो तुझ्याशी बोलायला लागला. आता त्याच्याजवळ बसायला कोणालाच वेळ नाही. मी गुडघे मोडून शिरलो एकदा, तर बाहेर दोघं रडायला लागली. उठावं लागलं. हे मला सगळ्यात लागतं. हल्ली आम्ही मुलांना राखतो, मेंढरं राखावीत तशी. जेवली, झोपली, सगळी जिवंत आहेत, चला दिवस संपला. अशाने मूल मरत नाही. पण बोलायला लागलेलं मूल गप्प होतं, आणि ते कुठल्या अहवालात येत नाही.

आता बातमी. आपल्या बालवाडीच्या, कुरवघराच्या फाटकावर मी फळा लावलाय.

कारखान्यात दाराशी फळा असायचा, जहाजाच्या पोटात आज किती माणसं आहेत ते लिहिलेला. आग लागली तर कळावं म्हणून. तसाच. रोज सकाळी खडूने लिहितो: 'आज मुलं इतकी. मोठी माणसं इतकी.' बस. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत.

पहिल्या दिवशी कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक आई फाटकाशीच थांबली. "होल्गर, सकाळी सकाळी हे वाचून मी ऑफिसात काय काम करू?"

मी म्हणालो, "मीही इथे तेच विचारत असतो."

चिडली. पण संध्याकाळी परत येऊन फळ्याचा फोटो काढून गेली.

लिसेलोटेबाईंचा फोन आला. "फळा काढ. कर्मचाऱ्यांची माहिती गोपनीय असते."

"नावं कुठे लिहिलीत मी? आणि मुलं तर आईबापांचीच आहेत, त्यांना मोजता येतात."

युट्टेने मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "अरे, तुझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय. कशाला आगीत हात घालतोस?"

"आग मी लावलेली नाही, युट्टे."

तिने दार पुन्हा उघडलं. वाईट नाही गं ती. आयुष्यभर वरच्यांनी सांगितलेलं तिने खालच्यांना हळू आवाजात सांगितलं, एवढंच.

आणि ट्यूराचा बाप, रूने. तो रोज येतो आणि माझ्याकडे बघतही नाही. त्या दिवशी तो काय ओरडला होता ते तू ऐकलंस. 'त्या फेरोवालीला परत मुलांजवळ दिसू देऊ नका.' तेवढं एकच वाक्य तू सामानात बांधून नेलंस असं मला वाटतं. ते टाकून दे. घाबरलेल्या बापाचं वाक्य होतं ते.

होल्गर


२८ मार्च

मार्युन, माझे आई!

खोकं आलं. माझ्या बायकोने, विबेकेने उघडलं आणि किंचाळली. तुमच्याकडचं ते वाऱ्यावर वाळवलेलं मटण आमच्या फ्रिजमध्ये ठेवल्यापासून लोणी, दूध, चीज, सगळ्याला तोच वास. विबेके म्हणते, "ही मुलगी तुला सहकारी मानते की शत्रू?" मी मात्र काळ्या पावावर पातळ काप ठेवून रोज खातो, आणि त्या कागदाच्या चिटोऱ्याकडे बघतो. दोनच शब्द लिहिलेस: 'सही नाही.'

पत्र लिहायचं ते असं. उगाच लोक पानं भरतात.

हल्ली सकाळी मला जरा निवांत असतं, म्हणून सविस्तर लिहितो. रूनेचं ऐक.

गेल्या पंधरवड्यातला सोमवार. डॉरिट आजारी, बदलीवाली मुलगी बसमध्ये अडकलेली, युट्टेला पालिकेत बोलावलेलं. मी फळ्यावर लिहिलं: मुलं सतरा, मोठी माणसं एक. रूने ट्यूराचा हात धरून आला. मासळीच्या कारखान्यातले पांढरे बूट तसेच पायात. फळ्यापाशी थांबला.

"एक? हे एक म्हणजे कोण?"

"मी."

"बाकीचे कधी येणार?"

"आले की येतील."

तो उभाच. ट्यूरा हात ओढतेय, मागे आणखी दोघं आईबाप खोळंबलेत. मग त्याने खिशातून फोन काढला आणि मुकादमाला सांगितलं, "मी आज येत नाही. नाही, आजारी नाही. इथे माणूस नाही." एवढं बोलून बूट काढून आत आला.

बर्फातले जाड पोशाख सतरा मुलांना चढवायचे म्हणजे काय ते तुला सांगायला नको. रूनेने दोघांचे दोन्ही पाय पोशाखाच्या एकाच नळीत घातले. एक पोर तसंच उड्या मारत अंगणात गेलं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याच्या शर्टावर पावाला लावायच्या कलेजीच्या लगद्याचा थर होता आणि गळ्यात एक रडकं मूल. पण कोणावर आवाज चढवला नाही त्याने.

दुपारी बदलीवाली आली तेव्हा तो पायरीवर बूट चढवत बसला. न बघता म्हणाला, "त्या दिवशी ती खरंच एकटी होती?"

"एकटी."

"मग तिला बंदर कसं सुचलं?"

"तुझी लेक रोज तिला आजोबांच्या होडीबद्दल सांगायची. होडी गुरुवारी येते हेसुद्धा. त्या दिवशी गुरुवार होता. मार्युन ऐकायची, म्हणून तिला माहीत होतं."

खूप वेळ एकाच बुटाची नाडी बांधत राहिला. त्या बुटाला नाडी नसते, मार्युन. रबरी बूट ते.

मग उठला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सिग्ने आली आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही, आधी तुला विचारतो. देऊ का?

माझं सगळं ठीक. काळजी नको.

होल्गर


१० एप्रिल

मार्युन,

बरं बरं, शिव्या पोचल्या. फोन उचलत नाहीस आणि डॉरिटला मात्र स्वतः करतेस, हे बरंय! तिने तुला सांगायला नको होतं.

हो, मला निलंबित केलंय. रूने आला होता त्याच आठवड्याच्या शेवटी. 'वरिष्ठांचा आदेश न पाळणे.' पुढे काय होईल ते चौकशीनंतर. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर तो कागद होता आणि मुदत संपत आली होती. तुला वाटलं असतं, आपल्यामुळे होल्गरही गेला, मग कशाला ताणायचं, सही करून मोकळं व्हावं. तू मला ओळखतेस तसा मीही तुला ओळखतो.

घरात बसून चिडलो होतो हे खरं. विबेके म्हणाली, "दिवसभर खिडकीत उभा राहतोस, पडदे तरी धू." धुतले.

मला वाटत होतं, मी गेलो, फळा गेला. मला आत जायला बंदी आहे, पण रस्ता सगळ्यांचा आहे. परवा सकाळी सायकल काढली आणि कुरवघरावरून गेलो.

फळा होता. लिहिलेलाही होता. गोल गोल, शाळामास्तरणीचं अक्षर. 'आज मुलं अठरा. मोठी माणसं दोन.' मी सायकल थांबवली. डॉरिटचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. हे कोणाचं?

युट्टे कुंपणाशी आली. हातात खडू.

"तू?" मी म्हणालो.

"ओरडू नकोस, मुलं जेवतायत." मग कुंपणातून हात पुढे केला. "बघ. रोज सकाळी पुसून पुसून असा पांढरा होतो. लिहिते तेव्हा ओळ वर जाते."

"युट्टे, तुला काढतील."

"लिसेलोटेने विचारलं, फळा अजून का आहे. मी सांगितलं, तो आता होल्गरचा नाही, प्रमुखाचा आहे." वर म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा तिला मोठ्या आवाजात उत्तर दिलं. नंतर न्हाणीघरात जाऊन बसले अर्धा तास. डॉरिटला मुलं एकटीने बघावी लागली, म्हणजे फळाही खोटा ठरला तेवढ्यापुरता."

आम्ही दोघं हसलो, कुंपणाच्या दोन बाजूंना. मार्युन, मी पोलादी जहाजं तरंगताना पाहिलीत. त्या दिवशी मला जे वाटलं ते त्यापेक्षा कमी नव्हतं.

गावातल्या आणखी चार बालवाड्यांनी फळे लावलेत. या वसंतात देशभर आईबाप रस्त्यावर उभे राहिलेत ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. आपल्या पालकांनाही मुलांच्या हातात फलक देऊन पालिकेत जायचं होतं. युट्टेने साफ नाही म्हटलं. "मुलं म्हणजे काठ्या नाहीत, कागद चिकटवायला. ती अंगणात खेळतील. तुम्ही जा." बोलायला लागली आहे बाई!

मे महिन्यात नगरसभा बसेल. तुझं म्हणणं लिहून पाठव. मी काही सुचवणार नाही. तुला जसं आठवतं तसं, तुझ्या शब्दांत.

होल्गर


१६ मे

प्रिय मार्युन,

आता नीट बस, आईलाही बसव.

सभागृह भरलं होतं. उभं राहायला जागा नाही. लिसेलोटेबाई पुढच्या रांगेत, आणि महापौरांच्या शेजारी कोणीतरी पाण्याचा पेला सांडला म्हणून दहा मिनिटं नुसती पुसापुशी.

तुझं पत्र कोणी वाचायचं यावरून आमची भांडणं झाली होती. डॉरिट म्हणे मी, सिग्ने म्हणे मी. शेवटी रूने म्हणाला, "मी वाचतो. मी ओरडलो होतो, मीच वाचायला पाहिजे."

तो उभा राहिला. कोट त्याच्या भावाचा असावा, बाह्या बोटांवर येत होत्या. त्याने तुझं नाव वाचलं आणि मग हे: 'त्या दुपारी मला एकोणीस मुलांची नावं, त्यांच्या सवयी आणि त्यांच्या भीती माहीत होत्या. हे माझं काम आहे आणि मी ते चांगलं करते. पण मला दोनच डोळे आहेत. त्यातला प्रत्येक डोळा मी रक्त येणाऱ्या मुलाकडे वळवला, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा वळवीन. मी नोकरी स्वतःच्या इच्छेने सोडत नाही. माझी इच्छा अशी आहे की माझ्याशेजारी आणखी एक माणूस असावा.'

एवढं वाचून रूने थांबला. त्याने कागद खाली ठेवला आणि स्वतःचं एक वाक्य बोलला, ठरलेलं नव्हतं ते. "माझी मुलगी जिवंत आहे कारण ही बाई तिचं बोलणं ऐकायची. तिला ऐकायला वेळ मिळेल एवढी माणसं द्या. मला एवढंच म्हणायचंय."

टाळ्या आधी मागच्या रांगेतून वाजल्या. मग सगळीकडून.

ठराव झाला. सगळं मिळालं असं नाही, खोटं सांगणार नाही. जादा माणसं शरद ऋतूच्या अंदाजपत्रकानंतर, म्हणजे तेव्हा पुन्हा भांडायचं आहे. पण आजारपणाच्या पहिल्याच दिवसापासून बदली माणूस मिळणार. अंगणात मुलांबरोबर कोणालाही एकटं ठेवायचं नाही हा लेखी नियम झाला. फळे राहणार. आणि तुझ्यावरचा आरोप मागे घेतलाय, बिनशर्त, सहीशिक्क्यासह. ते पत्र तुला पालिका पाठवेलच, पण मीही एक प्रत सोबत जोडतो, कारण मला वाट बघवत नाही.

बाहेर लिसेलोटेबाई माझ्याजवळ आल्या. दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "मलाही वरून कापायलाच सांगतात, होल्गर."

मी म्हणालो, "मग तुम्हीही एक फळा लावा."

हसल्या. पहिल्यांदाच खरं हसू पाहिलं मी त्यांचं.

सोमवारपासून मी कामावर. लेखी ताकीद मात्र कायम राहिली, नोकरीच्या कागदांत लागली. विबेकेने तिला चौकट करून घेतली आणि न्हाणीघरात, बरोब्बर समोर दिसेल अशी टांगली. पाहुणे आत गेले की हसण्याचा आवाज येतो.

तुझी जागा मोकळी आहे. युट्टेने जाहिरात दिलेली नाही, देणारही नाही म्हणते. कधी येतेस?

होल्गर


११ जून

मार्युन,

तुझं पत्र आलं. पहिलं खरं पत्र, चार पानी. वाचलं आणि दोन दिवस विबेकेशी धड बोललो नाही. परत येणार नाहीस. तुझ्याच बेटावरच्या बालवाडीत जागा मिळतेय, आई एकटी आहे, आणि तुला तुझ्या भाषेत मुलांना गोष्टी सांगायच्या आहेत. तिसऱ्या दिवशी मला कळलं की यातलं एकही कारण पळून जाणाऱ्या माणसाचं नाही. हिवाळ्यात तू गेलीस ते तोंड लपवून गेली होतीस. आता तू तिथे राहतेयस. दोन्हींत फरक आहे, तो समजायला म्हाताऱ्याला वेळ लागला.

मुलांना मी नकाशात तुझं बेट दाखवलं. लाउस्ट टेबलाखालून आला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "लहान आहे." नव्या बदलीवाल्या मुलीशी, जी आता माझ्याबरोबर असते, तो थोडं थोडं बोलतो. तिला मी सांगितलंय, घाई करू नकोस, खाली बस. माझ्या गुडघ्यांचीही सोय झाली.

युट्टेने तुझ्या जागेची जाहिरात लिहिली. लिहिताना रडली आणि मग शुद्धलेखनाच्या चुका माझ्याकडून काढून घेतल्या, म्हणजे बघ केवढी रडली असेल.

काल दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. तुझ्या बेटावरच्या त्या बालवाडीच्या प्रमुख. तू माझं नाव दिलंस म्हणे. डॅनिश बोलतात, पण तुमच्या लयीत, त्यामुळे क्षणभर मला तूच वाटलीस.

"तुम्ही तिच्याबरोबर काम केलंय. कशी आहे?"

मी उभा राहिलो. फोनवर उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून सांगवेना. मी सांगितलं, एकदा तिच्या अंगणातून एक मूल बाहेर गेलं होतं. हे मीच आधी सांगतो, दुसऱ्याकडून ऐकू नका. ते मूल कुठे गेलं असेल हे गावात एकटीलाच ठाऊक होतं, आणि ती एकटी म्हणजे ही. नंतर तिला म्हणाले, गुपचूप सही कर, सगळं मिटेल. तिने केली नाही. त्यामुळे आज या गावातल्या पाच बालवाड्यांत एकही बाई अंगणात एकटी उभी राहत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत, लोखंडात आणि मुलांत मिळून, याहून चांगली सोबतीण मला लाभली नाही. घ्या तिला.

पलीकडे बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आम्ही घेतलंच आहे हो. कालच. मला फक्त बघायचं होतं, तिने जे सांगितलं ते तुम्ही कसं सांगता."

"मग? तसंच सांगितलं का मी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तिने सगळं सांगितलं, पण मूल कुठे गेलं हे तिलाच ठाऊक होतं, तेवढं मात्र सांगितलं नव्हतं."

फोन ठेवला तेव्हा विबेके दारात उभी होती. "काय झालं? डोळे का असे?"

मी म्हणालो, "आपल्या मार्युनला नोकरी लागली."

तुझा,
होल्गर